सागाच्या पानाचा पाठ

नोकरीचा आदेश आला त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले ते ‘पोरगा मुंबईला लागला’ म्हणून. आदेशात जिल्हा ठाणे होता. पण औशाजवळच्या आमच्या गावाला ठाणं म्हणजे मुंबईचंच अंगण. मामांनी मला दोन नव्या पँटी आणि काळे बूट घेऊन दिले, कारण मुंबईत मास्तर चपलेवर बरा दिसत नाही असं त्यांचं मत पडलं. आता दिवाळीच्या सुट्टीत गावी आलोय तर पारावरचा प्रत्येक जण विचारतो, “काय गुरुजी, समुद्र कसाय?” समुद्र मी अजून पाहिलेला नाही. जे पाहिलं ते पारावर बसून सांगता येत नाही, सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि लोक विषय बदलतात. म्हणून लिहून काढतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

शहापूर

कल्याणपर्यंतच्या एसटीचं वर्णन करत नाही, ते माझ्या पाठीला विचारा. शहापूरला पोचलो आणि पहिला धक्का बसला तो हिरव्या रंगाचा. आपल्याकडे भादव्यातसुद्धा हिरवं म्हणजे पिकापुरतं हिरवं. मधे काळी माती दिसते, माणूस दिसतो. इथे माती दिसेचना. भिंतींवर हिरवं, कौलांवर हिरवं, रस्त्याकडेला बंद पडलेल्या एका ट्रकच्या फळीवरसुद्धा शेवाळ. समोर माहुलीचे सुळके ढगात शिरलेले. मी एका दुकानदाराला विचारलं, “मुंबई इथून किती लांब?” तो वजन करता करता म्हणाला, “लोकल भेटली तर आज, नाय भेटली तर उद्या.” मी खाली ठेवलेली बॅग मुकाट्याने पुन्हा उचलली.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी एका शाळेच्या सभागृहात उद्बोधन वर्ग होता. माझी समजूत अशी, की साहेब येतील, नियम वाचून दाखवतील, आपण माना डोलवू आणि सुटू. पहिल्याच सकाळी आम्हाला बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या. खोटं सांगत नाही. डी.एड. झालेली, मिशा राखलेली, काही तर लेकुरवाळी माणसं गोल करून ‘डराव डराव’ करत उड्या मारत होती, आणि मधे उभा राहून एक गृहस्थ टाळ्या वाजवत होते. आमच्या गावच्या हेडमास्तरांना हे दृश्य दाखवलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला असता. ज्यांच्या समोरून जाताना आम्ही सायकलवरून उतरायचो, ते हेडमास्तर मी उडी मारताना डोळ्यांसमोर आणले आणि माझा पाय मुरगळला.

टाळ्या वाजवणारे ते पष्टे सर, आमचे प्रशिक्षक. पन्नाशीचे, सडसडीत, इथल्याच एका भातशेती करणाऱ्या घरातले. आवाज असा, की माइक बंद पडल्याचं कोणाला कळलंच नाही. “लाजू नका,” ते म्हणाले, “तुमी लाजलात तर पोरं त्याहून लाजतील. पोराला बोलतं करायचं. बाकी सगळं मागाहून येतंय.”

दुपारी ताटात भात आला. मी भाकरीची वाट बघत बसलो. वाढणारी बाई पुन्हा आली, पुन्हा भात घालून गेली. भातावर आमटी आणि बाजूला तांबूस, वाळका, चिंधीसारखा काहीतरी प्रकार. वासावरून वाटलं, कुणाची तरी दोरी जळाली असावी. माझ्या शेजारी साताऱ्याकडच्या जाधव मॅडम बसल्या होत्या, माझ्यासारख्याच नव्या, पण माझ्यापेक्षा धीट. त्या म्हणाल्या, “सुका बोंबील आहे सर. विचार न करता गिळा.” मी गिळला. डोळ्यांत पाणी आलं. तीन-चार दिवसांनी मी स्वतःहून दुसरा तुकडा मागितला, हे आई वाचणार नाही या भरवशावर लिहितो.

वर्गाबद्दल मात्र माझं मत लवकरच बदललं. पष्टे सरांनी एक पद्धत शिकवली आणि मी भारावून गेलो. फळा सोडा, पुस्तक बाजूला ठेवा. वाटेत जे मिळेल ते उचला, दगड, शेंग, पान, काहीही. ते मुलांसमोर धरा आणि विचारा: हे काय आहे? हे कुठे मिळतं? तुमच्या घरी याच्या कोणकोणत्या वस्तू आहेत? बस्स, तीन प्रश्न. मूल आपल्या परिसराबद्दल भरभरून बोलायला लागतं. आम्ही ते प्रश्न एकमेकांवर वापरून पाहिले. मी एक कंगवा धरला होता आणि जाधव मॅडमनी त्यावर एवढी उत्तरं दिली, की पष्टे सरांनी थांबवलं. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा मला वाटत होतं, आपण आता कोणत्याही मुलाला बोलतं करू. इतका आत्मविश्वास मला पुढे कधी वाटलेला नाही.

मुरबाडच्या अंगाला

शेवटचे दोन दिवस क्षेत्रभेटीचे होते. आम्ही सहा जण आणि पष्टे सर एका जीपमध्ये कोंबून निघालो. सापगावच्या पुलावर खाली भातसा नदी भरून वाहत होती. आमच्याकडे एवढं पाणी एका जागी दिसलं तर लोक नारळ फोडतील. इथे एक बाई त्या पाण्याकडे पाठ करून निवांत भांडी घासत होती. मुरबाड मागे पडलं, डोंगर जवळ आले, आणि एका वळणावर जीपवाल्याने हात वर केले. पुढे चालत.

त्या वाडीचं नाव मी लिहिणार नाही. का, ते वाचल्यावर कळेलच.

भाताच्या खाचरांच्या बांधावरून एकामागे एक चालायचं होतं. भात लोंबीला आलं होतं, वास सुरेख सुटला होता आणि माझे मुंबईचे बूट साबणासारखे सटकत होते. दोनदा मी खाचरात बसलो. दुसऱ्या वेळी एक म्हातारी शेजारच्या शेतातून ओरडली, “अरे, पायतान काढ ना! पायाला डोळं असतात!” मला कुणी परक्या बाईने ‘अरे’ म्हटल्याचा राग आला. पष्टे सर हसून म्हणाले, “इकडं वाडीवर सगळ्यांनाच अरे-तुरे. देवाला, कलेक्टरला, तुमाला पण.” मी बूट काढून गळ्यात अडकवले.

चालता चालता त्यांनी आमच्या भेटीचं खरं कारण सांगितलं. वाडीतल्या लोकांनी स्वतः खोली उभी करून वस्तीशाळा चालू करून घेतली होती. खालच्या गावचा एक मुलगा शिकवायला यायचा, तो पाऊस सुरू झाल्यावर यायचा बंद झाला. आता वरिष्ठांपुढे प्रश्न होता, तिथे कायमचा शिक्षक द्यायचा, की शाळा बंद करून मुलं खालच्या गावात पाठवायची. मधे ओढा. पावसाळ्यात तो बैलालासुद्धा ओलांडता येत नाही. “म्हणजे बंद झाली तर समजा सुटलीच शाळा या पोरांची,” पष्टे सर म्हणाले. “आज तुमी पाठ घ्या. उद्या विस्तार अधिकारी साहेब येतायत. पोरं बोलली तर शाळा राहील. त्यांच्या मनात तसं हाय.”

मुलं बोलली तर! मला हसूच आलं. हे तर माझ्या हातचं काम. मी मागे रेंगाळून पाठासाठी साहित्य शोधायला लागलो. एका झाडाची पानं जेवायच्या पत्रावळीएवढी मोठी होती. कोवळं पान तळहातावर चोळलं तर तळवा लालभडक झाला. बरोबरचा एक जण म्हणाला, “साग असावा.” साग! आपल्याकडे साग म्हणजे पाटलाच्या वाड्याचा दरवाजा. त्याला पानं असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी चांगली मनगटाएवढी फांदी बघितली, तिच्यावर लोंबकळलो आणि कडकन मोडून खांद्यावर घेतली.

वाडी

वाडीत शिरायच्या आधीच मुलांचा गलका ऐकू आला. कुणी झाडावर, कुणी म्हशीवर, एक मुलगी कोंबडीशी भांडत होती, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. आमच्या शाळेत एवढा आवाज झाला असता तर तीन वर्गांवर छड्या निघाल्या असत्या. मला वाटलं, यांना बोलतं काय करायचं, गप्प करायला जमलं तरी पुष्कळ.

शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची, वर कौलं घातलेली एकच खोली. जमीन स्वच्छ सारवलेली. मुलं येऊन बसली, कुजबुजत, ढकलाढकली करत. पहिला पाठ मी मागून घेतला. पँटचा चिखल झटकला, गळ्यातले बूट उतरवून पायात घातले, फांदी उंच धरली आणि पष्टे सरांनी शिकवलं होतं तसा गोड आवाज काढला.

“मुलांनो, हे काय आहे?”

कुजबुज थांबली.

मला वाटलं, लाजतायत. मी दोन पावलं पुढे गेलो. “सांगा, सांगा. घाबरू नका. हे कुठे मिळतं?”

कुणी हलेना. एवढा वेळ झाडावर बसून ओरडणारी मुलं दगडासारखी झाली होती. पुढच्या ओळीत सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, तेल लावून चापून बसवलेले केस, मोठे डोळे. ती माझ्या लाल तळव्याकडे एकटक बघत होती. मी तिलाच विचारलं, “बाळ, तू सांग बरं. तुमच्या घरी या लाकडाच्या कोणकोणत्या वस्तू आहेत?”

तिचा चेहरा पांढरा पडला. सावळ्या मुलीचा चेहरा पांढरा पडतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मागच्या मागे कोणीतरी उठून दारातून पळालं. थोड्याच वेळात बाहेर पावलं वाजली, एका घराचं दार लागलं, मग दुसऱ्या घराचं. मी फांदी धरून तसाच उभा. माझ्यानंतर जाधव मॅडमनी गाणं म्हणून पाहिलं, दुसऱ्याने बेडकाची उडी मारून पाहिली. मुलांनी ओठ उघडला नाही. त्या उडीवर हसलंसुद्धा नाही कोणी.

मला आधी काही कळेना, मग राग आला, मग नुसतंच सुन्न वाटायला लागलं. पष्टे सर खोलीबाहेर येऊन कपाळ चोळत म्हणाले, “पोरं मंद हायत सर. दुसरं काय बोलनार? उद्या साहेब असंच बघतील आन् बंद करून जातील.” शाळेच्या दाराशी काही बायामाणसं उभी होती. त्यांनी हे ऐकलं.

खेकड्याचा धडा

माझी राहायची सोय वाळकूबाबांच्या घरी होती. वाळकूबाबा वाडीतले वयस्क, कमरेला लंगोटी आणि डोक्याला मफलर, असा वेष. माझ्याकडे बघून त्यांनी घोंगडी अंथरली, पण आमच्यात चांगली हातभर जागा सोडून बसले. त्यांचा मुलगा लखमा पाणी देऊन गेला. आणि चुलीशेजारी बसलेली त्याची मुलगी म्हणजे तीच, मोठ्या डोळ्यांची. तिचं नाव नवशी.

उजेड होता तोवरच जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, इतकी पांढरी आणि मऊ, की मला ज्वारीशी बेईमानी केल्यासारखं वाटलं. आणि मग वाटीत रस्सा आला. रश्श्यातून पाय वर आले होते. पुष्कळ पाय. खेकडे! खाचरातले, सकाळीच धरलेले. पाहुण्यासाठी केलेला बेत होता, नाही म्हणायची सोय नव्हती. मी एक उचलला आणि अख्खा दाताखाली धरला. कडाक्‌ आवाज झाला. खेकडा जसाच्या तसा राहिला, माझी दाढ ठणकली.

दारात जमलेल्या मुलांमधून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वैतागून म्हणालो, “हसताय काय? आमच्याकडे नाही असलं काही. कसा खायचा हा?”

आणि काय सांगू! बांध फुटावा तशी मुलं घरात घुसली. “पाय आधी मोड!” “तसा नाय रे, उलटा धर!” “आतली पिवळी वस्तू टाकू नको, ती गोड लागतं!” “चोख, चोख!” एकाने माझा हात धरून दाखवलं, दुसऱ्याने त्याला ढकलून बरोबर कसं ते दाखवलं. कोणता खेकडा चावतो, कोणत्या बिळात हात घालायचा, मादी कशी ओळखायची, सगळं एकाच वेळी. शाळेतली तीच मंद मुलं! मी तोंडाला रस्सा लावून आ वासून बसलो होतो. नवशी काही बोलली नाही. तिने एक नांगी फोडली, आतलं मांस काढलं आणि हळूच माझ्या भाकरीवर ठेवलं.

तेवढ्यात एक मुलगी मोठ्याने निकाल दिल्यासारखी म्हणाली, “ह्यो गार्ड नाय. गार्डला खेकडा खाता येतं.”

“कसला गार्ड?” मी विचारलं.

वाळकूबाबांनी मुलांना बाहेर घालवलं आणि पहिल्यांदाच माझ्याजवळ सरकून बसले. “एक बोलू? राग धरशील नाय ना?”

“बोला की.”

“ती फांदी तू कशाला तोडलीस?”

“शिकवायला. पाठासाठी.”

“आमाला काय ठाव! पँट, बूट, हातात सागाची फांदी. आन् विचारतोस काय, तर हे काय हाय, कुठं भेटला, तुमच्या घरात काय काय हाय. अरे, असं फॉरेस्टचा गार्डच विचारतो! त्याला ठाव असतं की ह्यो साग हाय. तरी विचारतो. ज्यानं तोंड उघडलं, त्याच्या घरात शिरतो. आमी पोरांना पाळण्यातनं शिकवतो, जो जानून विचारतो त्याच्यासमोर गप बसायचं.”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. तीन प्रश्न! कंगव्यावर आम्ही हसत हसत घोकलेले ते तीन प्रश्न! मी त्या खोलीत शाळा घेतली नव्हती, झडती घेतली होती. तिसऱ्या प्रश्नात तर मी पोरीला घरात काय काय आहे तेच सरळ विचारलं होतं.

“आणि नवशी?” मी विचारलं.

वाळकूबाबांनी चुलीकडे पाहिलं. नवशी बाहेर गेली होती. “मागल्या साली आमी मागच्या पडवीला एक खांब घातला होता सागाचा. गार्ड आला. आमी सगळी गप. तो चांगला मानूस, ओरडला नाय, काय नाय. त्यानं हिला जवळ घेतली आन् विचारलं, खांब कुनी आनला गो? हिला शाळेत नवीनच शिकवलं होतं, विचारलं का उभं रायचं आन् मोठ्यानं उत्तर द्यायचं. ही उभी रायली. हात मागं बांधले. मोठ्यानं बोलली, माझ्या बाबानं आनला. लखमाला फॉरेस्टच्या हाफिसात नेला, मग तो कल्यानला आत होता. पावसाच्या तोंडाला सुटला. तो आत गेला तवापासून ही वाडीबाहेरच्या मानसासमोर एक शब्द बोलली नाय. तुला नांगी दिली, तीच पुष्कळ झाली.”

लखमा दारात उभा होता. त्याने ऐकलं, आणि पाण्याचा हंडा उचलून निघून गेला. मला रडू आलं, उगाच लपवत नाही. आमच्या गावात उत्तर न देणाऱ्या पोराला मार बसतो. इथे एका पोरीने उत्तर दिलं आणि तिचा बाप तुरुंगात गेला. आणि ते उत्तर द्यायला तिला शाळेने शिकवलं होतं, आमच्याच धंद्याने!

पष्टे सरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते शेजारच्या घरी जेवून तंबाखू मळत होते. मळायचे थांबले. “आयला,” ते म्हणाले, “मी जन्म काढला इकडं. आमी खाली भातवाले, आमाला कोन विचारतो सागाचं? माझ्या ध्यानातच नाय आलं.” मग चटकन उठले. “ती फांदी कुठं हाय? आधी चुलीत घाला ती!”

साहेब

सकाळी मी बाकीच्यांनाही हे सांगितलं आणि आम्ही सहा जणांनी एकच नियम केला. ज्याचं उत्तर आपल्याला येतं ते विचारायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण शिक्षकाला हे किती कठीण जातं ते करून बघावं. निम्मे प्रश्न तोंडात आलेले परत गिळावे लागतात. जाधव मॅडमनी विचारलं, “भात कापायला आलं हे कसं कळतं? आमच्याकडे मी ऊस बघितलाय फक्त.” मी बूट वाळकूबाबांच्या पडवीत काढून ठेवले आणि विचारलं, “बांधावरून न पडता चालायचं कसं?” मुलांनी मला खोलीत भिंतीच्या कडेने चालायला लावलं, टाचा कशा ठेवायच्या ते दाखवलं, मी मुद्दाम पडलो नाही तरी पडलो, आणि खोली हसण्याने भरून गेली. मग बिळातले खेकडे मोजले. किती धरले, किती सुटले, किती सरांनी दाताने मोडले, याची बेरीज-वजाबाकी पाटीवर झाली.

विस्तार अधिकारी साहेब पोचले तेव्हा हे सगळं ऐन रंगात होतं. ते थोराड बांध्याचे, दमलेले, पण चेहऱ्याने प्रेमळ गृहस्थ होते. दारातच थांबून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग सरळ मुलांमध्ये मांडी घालून बसले आणि म्हणाले, “मला पण शिकवा रे खेकडा धरायला. मी विदर्भाकडचा.” मुलांनी त्यांनाही सोडलं नाही. वाडीतली माणसं हळूहळू दाराशी येऊन उभी राहिली. त्यांत लखमाही होता. नवशी पुढच्या ओळीत होती. तिने पाटीवर सगळं बरोबर लिहिलं होतं, बोलली मात्र काही नव्हती.

साहेब उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. दाराकडे बघून ते म्हणाले, “कोण म्हणतं ही मुलं बोलत नाहीत? शाळा इथेच राहील. आणि या सहांपैकी एक शिक्षक तुम्हाला मिळेल, हा माझा शब्द.”

जाधव मॅडमनी माझा हात दाबला. पष्टे सरांनी रुमालात तोंड लपवलं. दारातल्या बायांना नीट कळायला थोडा वेळ लागला, मग एकदम कुजबुज उठली. वाळकूबाबा हसायला लागले, दात नसलेलं, मोकळं हसू. मला वाटलं, झालं. पोचलो.

साहेबांनाही फार आनंद झाला होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मधल्या खांबाजवळ गेले आणि कौतुकाने त्याच्यावर थाप मारली. “वा! लोकांनी शाळा बांधावी तर अशी. काय खांब आहे! हा कोणी आणला रे?”

त्यांना शाबासकी द्यायची होती, दुसरं काही नाही. पण मी त्या खांबाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खांब सागाचा होता. चारही कोपऱ्यांतले सागाचे होते. दारातलं हसू गेलं. मुलं पुन्हा तशीच दगडासारखी झाली. लखमाने खाली बघितलं. बाकीच्या पुरुषांनीही खाली बघितलं, म्हणजे खांब एकट्याने आणलेला नव्हता.

“सांगा, सांगा,” साहेब हसत म्हणाले, “घाबरता काय?”

नवशी उभी राहिली. हात मागे बांधले. मोठ्याने, खणखणीत आवाजात, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मी आनला.”

तो खांब तिच्या दोन्ही हातांच्या कवेत मावला नसता. साहेब खो खो हसले. “तू? एवढा मोठा?”

“मी आनला. एकटीनं.” ती बापाकडे बघत नव्हती. ओळीतून बाहेर आली, साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “चल.”

“कुठे, बाळ?”

“हाफिसात.” एवढं म्हणून ती दाराकडे चालायला लागली. दारात लखमा आडवा आला. त्याने तिला उचलून छातीशी धरली, आणि ती त्याच्या खांद्यावरून साहेबांना सांगत राहिली, “बाबानं नाय. मी आनला. बाबानं नाय.”

साहेबांचं हसू अर्ध्यावर राहिलं. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, “कुठल्या ऑफिसात म्हणतेय ही? पष्टे? मॅडम? सर, तुम्ही तर कालपासून वाडीतच आहात ना, तुम्हाला काही माहीत आहे?”

आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. उत्तर द्यायला आम्ही नोकरीला लागलो होतो, वरिष्ठांनी विचारल्यावर गप्प राहायचं नसतं हे वर्गाच्या पहिल्या दिवशी बजावलं होतं. पष्टे सर जमिनीकडे बघत होते. जाधव मॅडम जमिनीकडे बघत होत्या. मीही खाली बघितलं आणि साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं तरी तोंड उघडलं नाही.